नाना आले की बंद पडतं

"बंद पडलं?"

नाना फाटकातून जेमतेम आत आले होते. हातात भाजीची पिशवी, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्यावर आपल्यावर काहीतरी आळ येणार हे ओळखलेल्या माणसाचा भाव.

"पडलं," मी म्हणाले. मी मशिनच्या शेजारी उभी होते, कमरेला बांधलेली ओढणी सोडवून डोक्यावर घेत.

"कधी?"

 उत्तर दिलं ते हॉलच्या पायरीवर वाटाणे सोलत बसलेल्या माझ्या सासूबाईंनी. "कधी म्हणजे काय? तुम्ही आलात तेव्हा. काल तसंच, परवाही तसंच. सकाळपासून कसं गुरगुरत चाललं होतं बिचारं. तुमची टोपी दिसली आणि बसलं गप्प."

"मशिनला काय टोपी दिसते?"

"ते मला नका विचारू. या घरात सगळ्यांनाच तुमचा धाक आहे. त्यालाही लागली असेल सवय."

"तिला म्हणावं, चालू कर."

'तिला' म्हणजे मला. लग्न होऊन सात-आठ महिने झाले होते, पण नाना, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी थेट बोलत नसत. मी दोन हातांवर उभी असले तरी निरोप आईंकडून, म्हणजे सासूबाईंकडून, यायचा आणि उत्तरही आईंकडूनच जायचं. मी उभ्या उभ्याच हात लांबवून किल्ली फिरवली. टिक नाही की टुक नाही. नानांनी एक सुस्कारा सोडला, पिशवी उचलली आणि ते आत गेले. ते दाराआड झाल्यावर मी सीटवर बसले, ब्रेक दाबला, पात्याचा दांडा खाली घेतला, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात मशिन चालू.

आतून नानांचा आवाज आला, "मी आत आल्यावर!"

नाशिकच्या बाहेर, पाटाच्या कडेला आमचं हे लग्नाचं लॉन आहे. पूर्वी तिथे द्राक्षबाग होती. नानांनी बाग काढली, हिरवळ लावली, कडेला हॉल आणि स्वयंपाकघर बांधलं, मागे आमचं घर. फाटकावर पाटी लागली, 'शकुन लॉन्स'. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे माणसांची रीघ सुरू व्हायची. प्रत्येक लग्नाला नाना फेटा बांधून फाटकात उभे राहात आणि येणाऱ्या वऱ्हाडाला हात जोडत. लग्न कोणाचंही असो, नमस्कार नानांचा. त्या जागेचा त्यांना फार अभिमान होता.

हे गवत कापायचं मशिन त्यांनी एका बंद पडलेल्या क्लबच्या लिलावातून उचललं होतं. छोट्या ट्रॅक्टरसारखं, वर सीट, समोर स्टिअरिंग आणि पोटाखाली फिरणारी पाती. वेगाच्या दांड्याच्या एका टोकाला सशाचं चित्र, दुसऱ्या टोकाला कासवाचं. दसऱ्याला त्याची पूजा झाली, हार घातला, पुढच्या चाकासमोर नारळ फोडला. मग नाना स्वतः चढले, दांडा सशावर नेला आणि गवताबरोबर गुलाबाचा अख्खा वाफाही कापून मोकळे झाले. वर नारळाच्या करवंटीचा एक तुकडा पात्यात सापडून असा सुटला, की हॉलच्या खिडकीची काच गेली. त्यानंतर नानांनी मशिन माझ्या नवऱ्याकडे सोपवलं. सुयोगला ताज्या गवताचा वास आला की शिंका सुरू होतात. तो एक पट्टा कापायचा आणि अकरा वेळा शिंकायचा. शिंकताना डोळे मिटतात, त्यामुळे पट्टेही तसेच यायचे, पाटाच्या पाण्यासारखे वळत वळत.

एके दिवशी दोघंही बापलेक सिन्नरला भांडी बघायला गेले होते. आई म्हणाल्या, "तुझ्या माहेरी ट्रॅक्टर आहे ना गं? तू चालवायचीस म्हणे."

"द्राक्षाच्या ओळीतून चालवायचे. फवारणीला."

"मग त्यात आणि यात काय फरक?"

"हा बसका आहे, आई."

"मग बस की."

त्यांनीच मला सुयोगचे जुने बूट दिले, आत कापूस कोंबून. त्यांनीच माझी ओढणी कमरेला करकचून बांधली. "लोंबतं काही नको. माझ्या बहिणीचा पदर पिठाच्या गिरणीत गेला होता, तेव्हापासून फिरता पट्टा दिसला की मी आधी पदर खोचते."

संध्याकाळी नाना परतले. हिरवळीकडे बराच वेळ बघत राहिले. मग आईंना विचारलं, "कोणी कापलं?"

"आवडलं का ते सांगा आधी."

"सरळ आहे," नाना म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ.

तेव्हापासून ते काम माझं झालं, आणि मी त्याची वाट बघायला लागले. त्या घरात कोणी वाईट नव्हतं. पण पहाटेपासून माझ्या नावाने हाका सुरू व्हायच्या. वृंदा चहा, वृंदा पाहुणे, वृंदा किल्ल्या कुठे आहेत. मशिनवर बसलं की कोणी हाक मारू शकायचं नाही. मारली तरी ऐकू यायची नाही. कानात कापूस, खाली इंजिनाची धडधड, आणि मी मोठमोठ्याने गात असायचे. माझा आवाज फाटका आहे, पण तिथे तो कोणाला कळायचा नाही. अख्ख्या दिवसातला तो तेवढाच वेळ निव्वळ माझा होता.

आणि आता नाना आले की ते बंद पडत होतं.

दौलत मिस्त्रीला बोलावलं. पंपापासून मिक्सरपर्यंत काहीही दुरुस्त करतो अशी त्याची ख्याती होती. दुरुस्त होतं की नाही, ही गोष्ट वेगळी. त्याने आल्या आल्या पात्याचा दांडा बंद केला, ब्रेक ओढला, मशिन चालू केलं आणि स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून डोळे मिटले.

"इंजिन बोलतंय," तो म्हणाला. "म्हणतंय, मी ठणठणीत आहे."

"मग त्याला विचार, बंद का पडतोस," आई म्हणाल्या.

त्याने प्लग साफ केला, पेट्रोल गाळलं, हवेची जाळी झटकली. मग मला म्हणाला, "वहिनी, बसा आणि चालवून दाखवा." मी पाती लावून एक फेरी मारली. काही नाही. दुसरी मारली. काही नाही. तिसऱ्या फेरीला, काय झालं बघावं म्हणून, नाना हॉलच्या दारात आले.

मशिन बंद.

दौलतचा हात कानावर गेला. "नाना, खरंच की हो!"

"काय खरंच?" नाना खवळले.

"नाही, म्हणजे... ऐकलं होतं, पण पटलं नव्हतं."

त्या दिवशी आईंनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन मशिनवरून दृष्ट काढली. मग थोडा विचार केला आणि नानांवरूनही काढली. "कोणाची कोणाला लागलीय ते कळत नाही," त्या म्हणाल्या, "दोघांचीही काढलेली बरी."

नाना मुकाट्याने उभे राहिले, यावरूनच ते किती खचले होते ते मला कळलं. एरवी त्यांनी मिरच्या फेकून दिल्या असत्या. दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपून बसले आणि मी कापत असताना बघत राहिले. मला ते ठाऊक नव्हतं. मशिन तासभर न थांबता चाललं. खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मी समोर नसलो की चालतं," ते आईंना म्हणाले. "रविवारी इथे लग्न आहे. मी फाटकात उभं राहू नये, हेच बरं."

"असं काय बोलता?"

"मशिन बंद पडतंय. उद्या जनरेटर बंद पडेल. भरल्या लग्नात अंधार झाला म्हणजे? माझं तोंडच तसं झालं असेल आता."

"तोंडाला काय झालंय? वयाच्या मानाने बरं आहे," आई म्हणाल्या. पण नेहमीसारखं हसल्या नाहीत.

शनिवारी दौलत परत आला. सीट उचकटून त्याने खालून एक वायर बाहेर ओढली आणि साप पकडल्यासारखी आम्हाला दाखवली. "सापडला चोर. इथे बटण आहे. माणूस बसला की दाबलं जातं. माणूस उठला की सुटतं आणि पाती, इंजिन सगळं जागच्या जागी बंद. हे बटण ढिलं झालंय."

"पण मी तर बसलेलीच असते," मी म्हणाले.

"बसलेलीच असते," आईंनी दुजोरा दिला. "मी बघते ना पायरीवरून."

"म्हणूनच म्हणतो, ढिलं आहे. हे बटण काढून टाकू, वायरला वायर जोडून डायरेक्ट करू. मग सीटवर माणूस असो नसो, मशिन चालतच राहील."

"आणि माणूस पडला तर?"

"पडायला काय घोडं आहे का, वहिनी?"

माझे रामकिसन काका माहेरी असंच म्हणायचे. माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरचं झाकण सारखं आड येतं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं होतं. आता ते कोणालाही नमस्कार करतात तेव्हा डाव्या हाताची पाच बोटं उजव्या हाताच्या दोन बोटांना येऊन भेटतात.

"आई," मी म्हणाले, "नानांना सांगा, ती वायर जोडू नका."

नाना चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकलं. त्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच त्यांच्या मनाविरुद्ध काही बोलले होते, आणि तेही मिस्त्रीसमोर. 

"तिला सांग," ते म्हणाले, "लग्न उद्यावर आलंय. पाटाकडची बाजू अजून कापायची आहे. आज दुपारपर्यंत मशिन नीट चाललं तर चाललं. नाही चाललं तर दौलत वायर जोडेल. ते पटत नसेल तर लग्न झालं की मशिन विकून टाकू. रोजचा हा तमाशा मला सोसत नाही."

दौलतने सीट परत बसवली आणि पक्कड हातात घेऊन सावलीत बसला, दुपार होण्याची वाट बघत. नानांना फेट्याचं कापड आणायला शहरात जायचं होतं. नकोच म्हणत होते, पण आईंनी पाठवलं. "फाटकात उभं राहा नाहीतर टाकीमागे बसा, फेटा नवाच पाहिजे."

मी बादली घेऊन हिरवळीवर निघाले. कापायच्या आधी अख्खं लॉन पायाखाली घालायचं, हे करवंटीने शिकवलं होतं. प्रत्येक लग्न मागे काहीतरी ठेवून जातं. केसांच्या पिना, मांडवाचे खिळे, आइस्क्रीमचे चमचे, एक जोडवं, कोणाच्या तरी बुटाची टाच. त्यातलं काहीही पात्यात गेलं की बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर येतं. बादली निम्मी भरली. तोवर दव वाळलं होतं. तेल बघितलं, ओढणी बांधली, बूट घातले आणि बसले.

पाटाकडे आमची जमीन उतरती आहे. तिथे आडवं चालवायचं नाही, मशिन कलंडतं. वरून खाली आणि खालून वर, तेही कासवावर. मी जीव मुठीत धरून चालवत होते. पडण्याची भीती नव्हती. भीती होती ती फाटकाची. दर वळणाला नजर तिकडे जायची. नाना दिसले की संपलं. मग एक तर ती वायर, नाहीतर मशिन दुसऱ्याच्या दारात.

चार-पाच फेऱ्या झाल्या असतील. फाटकातून एक माणूस आत आला. काळं जाकीट, डोक्यावर भलंमोठं हेल्मेट, काच खाली. फुलवाल्याचा माणूस असणार, सकाळपासून त्याचीच वाट बघत होतो. तो आला तो सरळ हिरवळीच्या कडेला येऊन उभा राहिला, अगदी जिकडे गवत उडत होतं त्या बाजूला.

"ओ हेल्मेट!" मी ओरडले. "मागे व्हा!"

तो हलला नाही.

"ऐकू येत नाही का? खडा उडाला तर डोळा जाईल! मागे व्हा म्हणते ना!"

तो एक पाऊल मागे सरला.

"अजून! त्या कुंडीच्या मागे!"

तो खरंच कुंडीच्या मागे गेला. मी हाताने खूण केली, तिथेच थांबा म्हणून, आणि पुढे गेले. वर गेले, खाली आले. दुसरा पट्टा, तिसरा पट्टा. मशिन छान चाललं होतं. हेल्मेटवाला शहाण्या मुलासारखा कुंडीमागे उभा होता. मला त्याची जरा कीव आली, म्हणून जाता जाता विचारलं, "झेंडू आणलेत की नुसतेच आलात?"

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आल्या, आणि कुंडीसमोर येऊन थबकल्या.

"अगं बाई! तुम्ही इथे काय करताय?"

हेल्मेटच्या आतून घुमल्यासारखा आवाज आला. "तिने सांगितलं."

"आणि हे काय घातलंय डोक्यात?"

"हेल्मेटशिवाय आता पोलीस सोडत नाहीत म्हणे. सुयोगचं घातलं. आता निघत नाही. ओढ."

मी तेव्हा लांबच्या टोकाला होते, कानात कापूस होता, आणि यातलं अक्षरही मला ऐकू आलं नव्हतं. हे सगळं आईंनी मला नंतर, आणि नंतर वर्षभर प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की आईंनी चहाचा कप कुंडीत ठेवला आणि त्या फुलवाल्याचं डोकं धरून ओढायला लागल्या. मग दौलत धावत गेला. त्याने खांदे धरले, आईंनी हेल्मेट धरलं. मी वळून त्यांच्या दिशेने येत होते. बाटलीचं बूच निघावं तसं हेल्मेट निघालं आणि आतून नाना निघाले. लालबुंद, केस चहूबाजूंनी उभे, टोपीचा पत्ता नाही.

मशिन बंद पडलं.

इतकी शांतता झाली की पाटातलं पाणी ऐकू यायला लागलं. मी कानातला कापूस काढत मशिनच्या पायठाणावर उभी होते. मी कोणाला 'ओ हेल्मेट' म्हणाले होते ते हळूहळू माझ्या डोक्यात उतरत होतं.

"बघा!" दौलत म्हणाला आणि पक्कड घेऊन निघाला.

"थांब," नाना म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते. आईंकडे नाही, माझ्याकडे. "तू उठलीस."

मला वाटलं, ते आईंशी बोलताहेत. मी आईंकडे बघितलं.

"तुलाच म्हणतोय. वृंदा. तू उठलीस."

"नाही नाना, मशिन बंद पडलं म्हणून मी..."

"आधी उठलीस. मग ते बंद पडलं. मी डोळ्यांनी बघितलं. बस खाली."

"तुमच्यासमोर?"

"बस म्हणतो ना."

मी बसले. खरं सांगते, मी तोवर त्यांच्यासमोर कधी बसले नव्हते. जेवताना नाही, चहाला नाही, मी आजारी होते तेव्हा अंथरुणावरही नाही. ते आले की मी उठायचे आणि डोक्यावर पदर घ्यायचे. माहेरून निघताना आईने सांगितलं होतं, सासूबाईंनी करून दाखवलं होतं, आणि पाय ते इतकं शिकले होते की मला विचारतही नव्हते.

नानांनी हेल्मेट परत डोक्यावर ठेवलं, अडकणार नाही इतपतच. "चालू कर."

मशिन चालू झालं. मी दोन हात पुढे गेले. नानांनी हेल्मेट उचललं.

मशिन बंद. मी उभी.

"अगं बाई," आई म्हणाल्या.

"परत."

हेल्मेट खाली, मी खाली. हेल्मेट वर, मी वर. दौलत एकदा नानांकडे, एकदा माझ्याकडे बघत होता, टेनिसची मॅच बघावी तसा. चौथ्यांदा मी ठरवलं की काहीही झालं तरी उठायचं नाही, आणि उठले. आई पोट धरून कुंडीच्या काठावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वहिनींना धरून बसवू का?" दौलत पुढे सरला.

"मागे हो!" नाना आणि मी एकदमच ओरडलो. "पाती फिरतात!" एवढं मी ओरडले, आणि नाना म्हणाले, "कुंडीच्या मागे! कळत नाही का?"

दौलत कुंडीच्या मागे गेला.

नानांनी हेल्मेट आईंच्या मांडीवर ठेवलं. बोडक्या डोक्याने, हात मागे बांधून, ते सरळ समोर उभे राहिले. "आता चालव. माझ्याकडे बघू नकोस, गवताकडे बघ."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि किल्ली फिरवली. द्राक्षाचे क्रेट उचललेत, पाण्याचे हंडे उचललेत, पण त्या दिवशी स्वतःला त्या सीटवर दाबून ठेवायला जेवढं बळ लागलं तेवढं कधी लागलं नव्हतं.  पाठीवरून घाम वाहत होता. नानांसमोरून गेले. बसून. वळले. परत समोरून आले. बसून. नानांनी मान हलवली, कोणी वऱ्हाडी फाटकातून आत आल्यावर हलवतात तशी.

पाटाकडची सगळी बाजू कापून झाली तेव्हा नाना तिथेच उभे होते.

"म्हणजे बटण बरोबर होतं," दौलत म्हणाला आणि पक्कड पिशवीत टाकली.

"बरोबरच होतं," नाना म्हणाले. "त्याला माणूस उठलेला कळत होता. आपल्याला कळत नव्हता."

मग ते आईंना म्हणाले, "फेटा भिजवून ठेव. उद्या फाटकात उभं राहायचंय." आणि थोडं पुढे जाऊन, मागे न बघता, "आणि झेंडू आणले नाहीत मी. नुसताच आलो होतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात उद्याची तयारी करत होतो. आई खाटेवर वाटाणे सोलत होत्या, मी खाली लसूण. नाना पाणी प्यायला आत आले. मी सवयीने निम्मी उठले.

"बस," नाना म्हणाले. "बंद पडशील."

मी बसले. हसू आवरेना, म्हणून मान खाली घातली. पण आईंचं हसणं ऐकू येईना. वर बघितलं. आईही निम्म्या उठलेल्या होत्या, एक हात खाटेवर, एक पदरावर, आणि तशाच अवघडून थांबल्या होत्या. पायरीवरून रोज नानांना टोमणे मारणाऱ्या आई. मी आल्यापासून त्यांना किती वेळा तसं बघितलं असेल आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

त्या परत खाटेवर बसल्या. सावकाश. वाटाण्याची ताटली मांडीवर घेतली.

"आणि मी हो?" त्या म्हणाल्या. "मी या घरात आल्यापासून किती वेळा बंद पडले असेन?"

नाना पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभे.  खिडकीत सुयोगचं हेल्मेट होतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, हेल्मेट उचललं, मुकाट्याने डोक्यात घातलं आणि काच खाली ओढून आईंच्या शेजारी वाटाणे सोलायला बसले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मशिन तेच आहे, सीटखालचं बटणही तेच. माझी जुई आता पाच वर्षांची आहे. मशिनवर मांडीत घे म्हणून रोज रडते आणि रोज 'नाही' हेच उत्तर ऐकते. मी कापत असते तेव्हा नाना तिचा हात धरून कुंडीच्या मागे उभे राहतात, आणि तिने एक पाऊल पुढे टाकलं की म्हणतात, "मागे हो. इथे मलासुद्धा परवानगी नाही."

गेल्या महिन्यात नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पंधरा दिवस ते खोलीतच होते. त्या सकाळी मी पाटाकडची बाजू कापत होते. वळले तर हॉलच्या दारात नाना. एका हातात काठी, दुसरा हात जुईच्या खांद्यावर. पायरी उतरावी की नाही, असा विचार करत होते.

मी पात्याचा दांडा खाली घेतला. कासवावर आणलं. ब्रेक ओढला. किल्ली फिरवून काढली आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत बसून राहिले. मग उठले आणि पायरीपाशी गेले.

"का उठलीस?" नाना दटावून म्हणाले.

मी किल्ली दाखवली. "नीट बंद करून उठलेय, नाना."

त्यांनी किल्लीकडे बघितलं. मग काठी जुईच्या हातात दिली, माझा हात धरला आणि पायरी उतरले.